अरुंद डबा, रुंद रूळ



धर्माबादवरून जाणाऱ्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाच्या दोन रुळांतील अंतर पूर्वी एक मीटर होतें. आज तें १.६७६ मीटर आहे. जुना डबा या रुळांवर धांवूं शकत नाहीं. परंतु रुंद मार्गाच्या सपाट वाघिणीवर चढविला, कीं सुखरूप पोंचतो. संगणकांच्या जगांतहि हीच युक्ति उपयोगी पडते.

१९९३ चा ‘डूम’ हा खेळ चौघांना चार संगणकांवर एकत्र खेळतां येई. ते संगणक नोव्हेल कंपनीच्या आयपीएक्स या पद्धतीनें परस्परांशीं बोलत. पुढें इंटरनेटची आयपी पद्धति सर्वत्र रूढ झाली. २००७ च्या विंडोज व्हिस्टानें आणि २०१८ मध्यें लिनक्सनें आयपीएक्सला निरोप दिला. खेळ उरला, सवंगडी दुरावले.

डॉसबॉक्स हा कार्यक्रम त्यांची पुन्हां गांठ घालून देतो. आयपीएक्सचें प्रत्येक पुडकें तो यूडीपीच्या पाकिटांत घालून आयपीच्या वाटेनें धाडतो. पलीकडील डॉसबॉक्स पाकीट फोडून आंतील मजकूर खेळाच्या हवालीं करतो. जुन्या खेळाला या बदलाची गंधवार्ताहि नसते.

मात्र या पाकिटांना कुलूप नसतें. म्हणून हा व्यवहार घरच्या जाळ्यापुरताच ठेवावा. जुनें जपावयाचें, तर त्याला मोडून नवें करण्याची गरज नाहीं. त्याच्यासाठीं एक वाघीण जोडावी, एवढेंच पुरे.