शिडाचा दोर आणि बॅटरी



शिडाच्या बोटींची शर्यत बघताना आपली नजर सुकाणू धरणाऱ्यावर खिळते. पण शर्यत बहुतेक वेळा त्याच्या शेजारच्या माणसाच्या हातात असते. शीड क्षणाक्षणाला ओढणं, सैल सोडणं, त्याचा फुगवटा कमीजास्त करणं हे त्याचं काम. त्याला ट्रिमर म्हणतात. हा ट्रिमर उद्या नेमकं काय हातात धरणार, हा आजचा विषय.

'अमेरिकाज कप' ही या खेळातली एक फार जुनी मानाची शर्यत. 22 ऑगस्ट 1851 रोजी इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटाला वळसा घालून 'अमेरिका' नावाच्या बोटीने ती पहिल्यांदा जिंकली. ब्रिटिश बोटींची शिडं लिननची होती, वाऱ्याने पोट सुटल्यासारखी फुगायची. 'अमेरिका'ची शिडं सुती, घट्ट विणीची आणि सपाट होती. म्हणजे शिडाचा आकार ताब्यात ठेवणारा पुढे जातो, हे पहिल्याच दिवशी दिसून आलं.

आजच्या बोटींत हा ताबा कमालीचा नाजूक झाला आहे. 2021 साली ऑकलंडला ज्या बोटी उतरल्या त्या एसी-75 जातीच्या. लांबी 75 फूट, डोलकाठी साडेसव्वीस मीटर. पाण्याखालच्या पंखांवर ही बोट अख्खी उचलली जाते आणि तिचा वेग 50 नॉटच्या, म्हणजे ताशी 90 किलोमीटरच्या वर जातो. वारा मात्र तिच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच असू शकतो. स्कूटरवरून जाताना वारा कुठूनही वाहत असला, तरी तोंडावर समोरूनच येतो; तसंच इथे होतं. बोट जितकी वेगात, तितका वारा समोरून. त्यामुळे शीड जवळपास कायम आत ओढलेलंच असतं आणि खेळ सगळा थोड्याच सेंटिमीटरांचा होऊन बसतो.

हे शीडही साधं एका कापडाचं नाही. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची डोलकाठी, तिच्या दोन कडांना लावलेली दोन कापडं आणि मध्ये पोकळी. डोलकाठी फिरते, तशी दोन्ही कापडं मिळून विमानाच्या पंखासारखा एक सलग आकार तयार होतो. खालून आणि वरून हायड्रॉलिक सिलिंडर हा आकार बदलतात. पायथ्याला पोट किती ठेवायचं, माथ्याला पीळ किती द्यायचा, हे ट्रिमर ठरवतो. माथ्यावरचा दाब बोटीला सर्वांत जास्त कलंडवतो, कारण तिथे तरफेची लांबी मोठी. म्हणून जोराचा झोत आला की आधी माथा मोकळा करायचा आणि खालचा भाग ओढत ठेवायचा. तत्त्वतः माथा उलट्या बाजूलाही वळवता येईल. मग तोच भाग बोटीला सरळ उभं धरायला मदत करेल. मला या सगळ्या रचनेतलं सर्वांत देखणं काम हेच वाटतं.

आता प्रश्न येतो ताकदीचा. शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत 52 वा नियम आहे: शिडं आणि दोर चालवायला फक्त खलाशांची ताकद वापरायची. एखाद्या प्रकारच्या बोटींसाठी तो बदलता येतो, पण मूळ भूमिका ती. अमेरिकाज कपमध्ये म्हणूनच धिप्पाड माणसं हाताने दांडे फिरवून तेलाचा दाब तयार करत असत. 2017 साली बर्म्युडाला न्यूझीलंडच्या संघाने त्यांना सायकलच्या पेडलवर बसवलं. हातांपेक्षा पाय जास्त ताकद देतात, शिवाय हात मोकळे राहतात. लंडन ऑलिंपिकमध्ये सायकलिंगचं कांस्यपदक मिळवलेला सायमन व्हॅन वेल्थूव्हेन त्यांच्यात होता. आणि शिडाचा ट्रिमर ग्लेन अ‍ॅशबी? त्याच्या हातात दोर नव्हताच. व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरसारखी छोटी डबी घेऊन तो एवढं मोठं शीड बोटांनी चालवत होता. न्यूझीलंडने ती स्पर्धा 7-1 अशी जिंकली.

त्या डबीने काय मिळालं ते उघड आहे. पण काय गेलं तेही सांगायला हवं. दोर हातात असला की वारा वाढल्याचं तळहाताला आधी कळतं, डोळ्यांना मग. दोर खेचतो, थरथरतो, झोत ओसरला की ढिला पडतो. डबीतलं बटण यातलं काहीच सांगत नाही. ती बातमी आता पडद्यावरच्या आकड्यांतून येते, आणि आकडा वाचायला वेळ लागतो.

17 जानेवारी 2021 रोजी ऑकलंडला 'पेट्रियट' या अमेरिकन बोटीवर काय झालं, ते या संदर्भात बघण्यासारखं आहे. बोट आघाडीवर होती. वाऱ्याकडच्या खुणेला वळसा घालून ती वाऱ्याबरोबर वळू लागली, तेवढ्यात झोत आला. अशा वेळी मुख्य शीड सैल सोडावं लागतं. डोलकाठीला मागून ताण देणारे दोन दोर असतात, रनर, दोन बाजूंना एकेक. वाऱ्याच्या पलीकडल्या बाजूचा रनर वेळेत सैल झाला नाही, शीड त्याला अडकलं आणि बाहेर जाईना. बोट पाण्याबाहेर झेपावली, कुशीवर आदळली आणि बाजूला भोक पडलं. विरोधी संघांच्या बोटी तिला वाचवायला धावल्या, ही मला या खेळातली फार मोलाची गोष्ट वाटते. सगळे खलाशी सुखरूप होते. 2024 च्या बार्सिलोनाच्या स्पर्धेसाठी नियम बदलले तेव्हा हे रनर काढूनच टाकले.

बार्सिलोनाला आठ खलाशांपैकी चार जण पेडल मारत होते. 2027 मध्ये नेपल्सला होणाऱ्या स्पर्धेसाठी मात्र पेडलवाले जाऊन बॅटरी येणार आहे. बोटीवर पाच खलाशी आणि त्यांत किमान एक स्त्री. माझे सगळे तर्क इथून सुरू होतात.

आजवर बहुतेक वेळा ओढीला कुणाचा तरी घाम लागत होता, म्हणून ट्रिमर जपून ओढत असे. बॅटरी आल्यावर ही काटकसर कमी होईल. मुख्य आणि पुढचं अशी दोन्ही शिडं अखंड, बारीक बारीक हलवता येतील, आणि तेव्हा माणसाच्या बोटांचा वेग तोकडा पडेल. मग एकाच कळीला पाच सिलिंडर जोडायचे, एक ओढला की बाकीचे ठरलेल्या प्रमाणात आपोआप सरकायचे, अशी रचना डिझायनर करू बघतील. तिथवर मला मान्य आहे. कधी ओढायचं हेही संगणक ठरवू लागला, तर तो खेळ मला बघायचा नाही.

मला हवी आहे ती हाताला उलट ढकलणारी कळ. विमानांत याची दोन्ही उदाहरणं आहेत. एअरबस ए-320 च्या कळीत नुसती स्प्रिंग असते. पंखांवरचा भार वैमानिकाच्या हाताला कळत नाही. बोइंग 777 मध्ये मात्र सुकाणूचा दांडा यंत्रणेने मुद्दाम जड केला जातो, म्हणजे हाताला अंदाज राहतो. शिडाच्या दोरावरचा ताण मोजणारी यंत्रं बोटीवर बसवता येतात. तो ताण ट्रिमरच्या तळहातापर्यंत परत नेणं ही फार मोठी गोष्ट नाही, आणि बॅटरीला ते काम सहज झेपेल.

आणि एक गोष्ट मी संगणकापासून पूर्ण लांब ठेवीन: सोडणं. शीड ओढायला ताकद लागते, सोडायला लागत नाही. वाराच ते बाहेर नेतो. तेल मोकळं करणारी एक झडप, तिला एक साधा दांडा, आणि तो ट्रिमर व सुकाणूवाला या दोघांच्याही हाताच्या टप्प्यात. तो दाबताना बॅटरी चालू असण्याची, पडदा उघडा असण्याची किंवा दुसरा कुठला दोर आधी सुटलेला असण्याची गरज पडता कामा नये.