गणवेश उतरल्यानंतरचा जमाखर्च

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरसाल लाखाहून अधिक सैनिक लष्करी नोकरी सोडून मुलकी आयुष्यांत परत येतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांचीं पाउलें मध्यवर्ती सरकारच्याच एखाद्या कचेरीकडे वळतात. धनी तोच, खजिनाही तोच. बदलतो तो पोशाख. १९४४ सालच्या कायद्यानें पात्र माजी सैनिकांस अशा नोकऱ्यांत अग्रहक्क दिला, आणि परीक्षेच्या गुणांत त्यांस पांच, तर नोकरींत अपंगत्व आलेल्यांस दहा गुण अधिक धरण्याची प्रथा तेव्हांपासून चालत आली. तात्पर्य, दार उघडें आहे. अडचण येते ती दाराच्या आंत गेल्यावर, आणि तीही बहुधा पहिल्या महिन्याच्या अखेरीस, घरांतील मंडळी खर्चाची वही उघडून बसतात त्या वेळीं.

नव्या नेमणुकीच्या पत्रावर वार्षिक पगाराचा एकच ठळक आंकडा असतो. तो जुन्या पगाराशेजारीं मांडावा आणि वजाबाकी करावी, कीं लाभहानीचा निवाडा झाला, असें कोणासही वाटणें स्वाभाविक आहे. परंतु हे दोन आंकडे एका जातीचे नाहींत. एक माणसाच्या कामाचा मोबदला आहे. दुसऱ्यांत कामाच्या मोबदल्याबरोबर त्याचें घर, त्याचा शिधा आणि त्याच्या कुटुंबाचें औषधपाणी हीं सर्व मिसळलेलीं आहेत.

सैनिकाच्या वेतनाचे तीन मुख्य भाग असतात. पहिला मूळ वेतनाचा. तो हुद्दा व नोकरीचीं वर्षें यांवरून ठरतो, आणि सार्जंट अलास्कांत असो वा जॉर्जियांत, एकच असतो. दुसरा घरभाडेभत्ता. हा नेमणुकीच्या गांवावर, हुद्द्यावर आणि पदरीं कुटुंब आहे कीं नाहीं यावर अवलंबून असतो. गमतीची गोष्ट अशी कीं मूल एक असो वा पांच, भत्ता तेवढाच. तिसरा भाग शिध्याचा. तो २०२४ सालीं शिपाई व सार्जंट वर्गास दरमहा ४६०.२५ डॉलर, आणि अधिकाऱ्यांस मात्र ३१६.९८ डॉलर इतका होता. अधिकाऱ्याची भूक लहान असते अशी सरकारची समजूत नसून, या फरकामागें जुनी परंपरा आहे. मूळ वेतनावर कर बसतो, पण हे दोन्ही भत्ते करमुक्त आहेत. आणि नोकरींत असेपर्यंत सैनिकास व त्याच्या कुटुंबास वैद्यकीय विम्याचा हप्ता भरावा लागत नाहीं.

आतां मुलकी बाजू. १९४९ च्या वर्गीकरण कायद्यानें सर्वसाधारण वेतनश्रेणी अस्तित्वांत आली. तींत आज पंधरा श्रेणी असून प्रत्येक श्रेणीस दहा पायऱ्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्यांवर एकेक वर्ष, पुढील तीनांवर दोन दोन आणि त्यानंतरच्या तीनांवर तीन तीन वर्षें काढावीं लागतात. म्हणजे तळाच्या पायरीवरून वरच्या पायरीपर्यंत पोंचण्यास अठरा वर्षें. १९९० च्या कायद्यान्वयें १९९४ पासून या वेतनावर गांवपरत्वें टक्केवारीची वाढ मिळूं लागली. २०२४ सालीं ती सान फ्रान्सिस्कोच्या टापूंत ४५.४१ टक्के होती, तर ज्या प्रदेशांस स्वतंत्र दर नाहीं तेथें १६.८२ टक्के. वरवर पाहतां ही वाढ घरभाडेभत्त्याची बहीण दिसते. पण नातें दूरचें आहे. ती कुटुंब पाहत नाहीं, तिच्यावर कर बसतो, आणि (ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं) निवृत्तिवेतनाच्या हिशोबांत ती धरली जाते. सैनिकाचा घरभाडेभत्ता त्याच्या पेन्शनींत कधींच धरला जात नाहीं.

हा फरक एका उदाहरणानें पाहणें बरें. समजा, टेक्ससमध्यें, म्हणजे जेथें संस्थानाचा प्राप्तीवरील कर नाहीं अशा ठिकाणीं, एक स्टाफ सार्जंट आहे. लग्न झालेलें आहे, पत्नीस स्वतंत्र मिळकत नाहीं. मूळ वेतन दरमहा ४,००० डॉलर, घरभाडें १,८००, शिधा ४६०. वर्षाचें मूळ वेतन ४८,००० आणि करमुक्त भत्ते २७,१२० डॉलर. २०२४ च्या नियमांप्रमाणें प्राप्तीवरील कर आणि ७.६५ टक्के सामाजिक सुरक्षेची व वृद्धांच्या वैद्यकीय मदतीची वर्गणी वजा जातां त्याच्या हातीं सुमारें ६९,५०० डॉलर राहतात. (मुलांबद्दलची करसूट दोन्हीं बाजूंस सारखीच असल्यानें ती येथें सोडली आहे.)

या सार्जंटास ७०,००० डॉलरांची मुलकी नेमणूक आली. मूळ वेतनाशीं ताडून पाहतां ही २२,००० ची बढती! मित्र अभिनंदन करतात. परंतु सबंध ७०,००० वर कर व वर्गणी लागूं होतात. २०१४ पासून नव्यानें नेमलेल्या नोकरास पेन्शनीसाठीं आणखी ४.४ टक्के द्यावे लागतात. आणि कुटुंबाच्या आरोग्यविम्याचा आपल्या वांट्याचा हप्ता, समजा महिना ५०० डॉलर, त्यासही भरावा लागतो. हें सर्व जातां हातांत सुमारें ५२,००० उरतात. म्हणजे ज्यास बढती म्हटलें, तींत घराला वर्षाकाठीं सतरा हजारांची तूट. पूर्वीच्याच घरांत, पूर्वीच्याच ताटावर बसावयाचें तर या माणसास सुमारें ९२,७०० डॉलर पगार हवा. तेवढ्या रकमेवर तो अडून बसला, तर कचेरींतील लोकांस तो लोभी वाटतो. पण तो कालचेंच मागत असतो, जास्त कांहीं नाहीं.

सरकारला हें ठाऊक नाहीं असें नव्हे. मूळ वेतन, दोन भत्ते व करमुक्तीमुळें होणारी बचत यांची बेरीज करून ‘नियमित लष्करी मोबदला’ नांवाचा एक आंकडा तेथें काढला जातो, आणि लष्करी वेतनाची दर चार वर्षांनीं होणारी फेरतपासणी त्यावरच चालते. नवव्या फेरतपासणीनें असें प्रमाण घालून दिलें कीं, सारख्या शिक्षणाच्या व अनुभवाच्या शंभर मुलकी माणसांत सैनिकाचें स्थान सत्तराव्याच्या आसपास असावें. अकरावींत, २००९ चे आंकडे घेतां, शिपाईवर्ग नव्वदाव्या स्थानीं व अधिकारी त्र्यांशीव्या स्थानीं आढळले. यावरून सैनिक सुखासीन आहे असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. १९७३ सालीं सक्तीची भरती बंद झाल्यावर स्वेच्छेनें माणूस मिळवावयाचा तर त्याची किंमत द्यावीच लागते. परंतु लष्कर सोडणाराच्या दृष्टीनें याचा अर्थ एवढाच कीं, तो उंच ओट्यावरून खालीं उतरत आहे आणि ओट्याची उंची त्याला कोणी सांगितलेली नाहीं.

मग ही तूट भरून काढण्यास वाव कोठें आहे? वाव आहे, पण त्याची वेळ फार थोडी असते. नवा नोकर बहुधा श्रेणीच्या पहिल्या पायरीवर घेतला जातो. मात्र उमेदवाराची पात्रता असामान्य असल्यास, किंवा खात्यास त्याची विशेष गरज असल्यास, त्यास वरच्या पायरीवर घेण्याचा अधिकार खात्याला आहे. अट अशी कीं, ही मंजुरी कामावर रुजू होण्यापूर्वीं झालेली असली पाहिजे. रुजू झाल्यावर मागितलेली पायरी मिळत नाहीं. मग वाट पाहण्याचीं अठरा वर्षें सुरू होतात. पूर्वीं मुलकी नोकरींत असलेल्या माणसास त्याच्या जुन्या सर्वोच्च पगाराचा आधार घेतां येतो. सैनिकाचा लष्करी पगार त्या नियमांत बसत नाहीं. म्हणून आज्ञा ऐकण्याची संवय लागलेल्या माणसानें पत्र हातीं येतांच ‘होय’ म्हणून टाकलें, तर त्या एका शब्दाची किंमत त्यास पुढें कित्येक वर्षें मोजावी लागते. कर्नलाची बरोबरी पंधराव्या श्रेणीशीं, मेजराची बाराव्या श्रेणीशीं, अशी एक तुलनेची यादी प्रचारांत आहे खरी. पण ती मानमरातब आणि युद्धकैद्यांस द्यावयाची वागणूक यांसाठीं आहे, पगाराशीं तिचा संबंध नाहीं. तीवर विसंबून कितीतरी अधिकारी फसतात.

हिशोबाची दुसरी बाजू मांडली नाहीं तर तो खोटा ठरेल. सैनिकाच्या वेतनास घड्याळ नसतें. रात्रीचा पहारा, रविवारची कवाईत, महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणें, यांस तासाचा दर नाहीं. मुलकी नोकराचा वार्षिक पगार २,०८७ नें भागून तासाचा दर काढतात, आणि सामान्यतः दिवसाच्या आठ किंवा आठवड्याच्या चाळीस तासांपलीकडे काम पडल्यास त्याचा निराळा मोबदला किंवा बदली रजा मिळते. सैनिकास वर्षाला तीस दिवस रजा असते, पण तींत मध्यें येणारे शनिवार-रविवारही मोजले जातात. मुलकी नोकरास आरंभीं हक्काची रजा तेरा दिवस, आजारीपणाची तेरा दिवस, आणि अकरा सरकारी सुट्या. पेन्शन न घेतां लष्कर सोडलेल्या माणसाचीं लष्करी वर्षें या रजेच्या हिशोबांत धरलीं जातात; त्यामुळें तीन वर्षें झालेला सैनिक पहिल्या दिवसापासूनच वीस दिवसांच्या रजेस पात्र ठरतो. शिवाय घरधन्याची बदली थांबली म्हणजे पत्नीस एका गांवीं टिकून नोकरी धरतां येते. वर मांडलेल्या सतरा हजारांच्या तुटीचा मोठा भाग कित्येक घरांत याच वाटेनें भरून निघतो, आणि तोही सरकारच्या कोणत्याही कोष्टकांत दिसत नाहीं.

वीस वर्षें भरून पेन्शनीवर आलेल्यांची कथा निराळी आहे. एका खजिन्यांतून दोन पगार घ्यावे कीं नाहीं, हा वाद अमेरिकेंत जुना. १९३२ च्या काटकसरीच्या कायद्यानें निवृत्त अधिकाऱ्यांचें पेन्शन व मुलकी पगार मिळून वार्षिक ३,००० डॉलरांची मर्यादा घातली होती. १९६४ च्या कायद्यानें ती उठवून कायम सेनेंतील अधिकाऱ्यांच्या पेन्शनींत कपात ठेवली, आणि १ ऑक्टोबर १९९९ पासून तीही गेली. आज दोन्हीं रकमा पूर्ण मिळतात. मात्र संरक्षणखात्यांत मुलकी जागा हवी असेल, तर विशेष परवानगीवांचून निवृत्तीनंतर १८० दिवस थांबावें लागतें. कालचा मेजर आपल्यासाठींच खुर्ची तयार करवून आज तींत येऊन बसूं नये, हा त्यामागील हेतु उघड आहे.

ज्यांचीं वीस वर्षें भरलीं नाहींत, त्यांच्यापुढें एक संधि असते आणि ती बहुतेकांच्या ध्यानांत उशिरां येते. लष्करांत मिळालेल्या मूळ वेतनाच्या तीन टक्के रक्कम भरल्यास तीं वर्षें मुलकी पेन्शनींत मोजलीं जातात. आठ वर्षांचें मूळ वेतन मिळून २,४०,००० डॉलर झालें असेल, तर भरणा ७,२०० चा. मुलकी पेन्शन सामान्यतः सर्वांत मोठ्या पगाराच्या सलग तीन वर्षांच्या सरासरीवर, नोकरीच्या दर वर्षास एक टक्का याप्रमाणें मिळतें. ही सरासरी पुढें १,००,००० झाली, तर त्या आठ वर्षांबद्दल दरसाल ८,००० डॉलर, आणि तेही आमरण. म्हणजे भरलेली रक्कम पहिल्याच वर्षीं परत येते. आरंभींचीं दोन वर्षें भरण्यावर व्याज नाहीं; पुढें तें दरसाल चढत जातें, आणि निवृत्त होण्यापूर्वीं भरणा पुरा केला नाहीं तर संधि संपते. लष्करी पेन्शन घेणाऱ्यास ही सवलत बहुधा तें पेन्शन सोडूनच घ्यावी लागते. म्हणून ती त्याच्या फारशी कामाची नाहीं.

राहिला निरोपाचा काळ. सांठवलेली रजा नोकरीच्या अखेरीस एकदम घेण्याची सैनिकास मुभा असते, आणि एरव्हीं साठ दिवसांपर्यंत रजा शिल्लक ठेवतां येते. या रजेंत असतांना मध्यवर्ती सरकारची मुलकी नोकरी पत्करण्यास, आणि दोन्हीं पगार घेण्यास, कायद्याची आडकाठी नाहीं. त्या सात-आठ आठवड्यांत लष्कराचें मूळ वेतन, घरभाडेभत्ता व शिधा एका बाजूनें येत असतात आणि नव्या कचेरीचा पगार दुसऱ्या बाजूनें. दोन्हीं जमा वेगवेगळ्या रकान्यांत लिहिणाऱ्या गृहिणीस, पहिला रकाना बंद पडल्यावर घर दुसऱ्यावर चालेल कीं नाहीं, हें तो बंद पडण्याच्या आधींच कळलेलें असतें.