मोकळी हवा आपल्याही वाट्याला यावी

मुंबई-ठाण्याकडून नाशिकला राहायला आलेल्या, किंवा येण्याचा विचार करणाऱ्या घरांबद्दल आज बोलायचं आहे. आम्हीही तशाच. कुणी डोंबिवलीची, कुणी मुलुंडची, कुणी बोरिवलीची, अशा आम्ही सातजणी. दर रविवारी सकाळी एकत्र चालायला जातो. चालताना आमच्यात जे बोलणं होतं, त्यातलंच थोडं तुम्हाला सांगतो.

नाशिकला जायचं ठरलं, की घरात आधी चर्चा होते ती हवेची. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, त्यामुळे मुंबईचा घाम नाही. इगतपुरीत कोसळणारा पाऊस शहरात येईपर्यंत बराच ओसरतो. हिवाळ्यात निफाडचा पारा किती उतरला, ही रोजची बातमी असते. त्याच भाड्यात मोठं घर मिळतं आणि तासाभराच्या आत त्र्यंबकेश्वर, अंजनेरी, रामशेज, गंगापूर धरण. शहरालाही मैदानाची ओढ आहे. सायकलवरून अमेरिका आडवी पार करण्याची, सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत २०१५ मध्ये पूर्ण करणारे डॉक्टर महाजन बंधू नाशिकचेच. तेव्हापासून इथे पहाटे सायकलींची रांग दिसली तर कुणाला नवल वाटत नाही.

हे सगळं खरं आहे. पण ही मोकळी हवा घरातल्या बाईच्या वाट्याला आपोआप येत नाही. आमच्या सातही घरांत हाच अनुभव आला.

नवऱ्याची नोकरी बहुधा आधीच ठरलेली असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात बदली, नाहीतर घरून काम. मुलांना शाळा मिळते, शाळेत मित्र मिळतात. बाईची नोकरी मात्र मुंबईतच राहते. ‘बघू तिथे गेल्यावर’ हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आणि तिचा लोकलचा डबाही मागे राहतो. त्या डब्याला आपण कितीही नावं ठेवली, तरी भाजी निवडणं, हळदीकुंकू, सासरचं रडगाणं, नोकरीच्या जागेची खबर, सगळं तिथेच व्हायचं. रात्री अकराला एकटीने घरी येण्याची सवय तिथेच लागली. इथे आल्यावर पहिले काही महिने मोठ्या घराच्या गॅलरीतून डोंगर दिसत राहतात आणि खाली उतरायला निमित्त सापडत नाही.

काहीजणींनी मुंबईची नोकरी टिकवून पाहिली. पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून धावते आहे. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघायचं आणि रात्री दहाच्या सुमारास परत उतरायचं. वर्षानुवर्षं असा प्रवास करणारे पासधारक आहेत, त्यात बायकाही आहेत. त्यांच्या जिद्दीला आमचा नमस्कार. पण पहाटे उठून डबा करून जाणारीला डोंगर कधी बघायला मिळणार? आठवड्यातून एक-दोन दिवस जाणं जमत असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणून येणाऱ्या मैत्रिणींना आमचं पहिलं सांगणं, स्वतःच्या कामाचा विषय सामान बांधण्याआधी काढा. नंतर तो मागेच पडतो.

दुसरं, एक वर्ष भाड्याने राहा. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा जाऊ द्या. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, गंगापूर रोड या भागांची तऱ्हा वेगवेगळी. नळाला पाणी किती वेळ येतं, हे बिल्डरला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा. नदीकाठी घर बघत असाल, तर पूररेषा बघा. २००८ च्या मोठ्या पुरानंतर ती आखली गेली. नाशिककरांचं मोजमाप त्याहून जुनं आहे. गोदावरीला पाणी वाढलं, की सगळे विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत, कंबरेपर्यंत की छातीपर्यंत? हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारू लागलात, की समजा तुम्ही नाशिककर झालात.

तिसरं, दुचाकी शिका. महापालिकेची सिटीलिंक बस २०२१ मध्ये सुरू झाली, तिचा आधार आहेच. पण लोकलसारखी दर चार मिनिटांनी बस येणार नाही. आमच्यातल्या दोघी पन्नाशीनंतर स्कूटर शिकल्या. त्या दिवसापासून त्यांना ‘मला सोडता का?’ असं म्हणावं लागलं नाही. नाशिकची हवा त्यांना लागली ती तेव्हापासून, असं त्याच सांगतात.

चौथं, पायाखालची जागा आपली करा. सुरुवात सोपी ठेवा. गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक घ्या, तिथे सकाळी सगळ्या वयाच्या बायका असतात. मग पांडवलेणी. तिथे रोज पायऱ्या चढणारी मंडळी आहेत, आठवडाभरात तुमची ओळख होईल. मग चामरलेणी, रामशेज. दम वाढला, की पावसाळा ओसरताना अंजनेरी. तिथल्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात सापडते, शास्त्रज्ञांनी तिला अंजनेरीचंच नाव दिलं आहे. फुलं बघा, तोडू नका. थंडीत नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला जा. रामसर यादीत आलेली ती महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. चालणं आवडत नसेल, तर १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच. मुद्दा घराबाहेर पडण्याचा आहे. आणि ‘रविवारी माझा डबा तुम्ही करा’ हे घरात एकदा सांगून टाका. आमच्याकडे पोहे जरा कच्चे राहिले, पण घर चाललं.

आता शेवटचं, आणि आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते.

ज्या डोंगरांना आपण फिरायला जातो, त्यांच्यावर कुणीतरी आधीपासून राहतं. धावपटू कविता राऊत त्र्यंबक भागातल्या सावरपाड्याच्या. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरला कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तशाच पाड्यांवरच्या कितीतरी मुली आजही उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन चढण चढतात. आपल्याला जी वाट ट्रेकची, ती त्यांची पाण्याची. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका पावसाळ्यात रानभाज्या घेऊन शहरात येतात. कुर्डू, टाकळा, शेवळं. त्यांच्याशी दोन रुपयांवरून घासाघीस करू नका. भाजी कशी करायची ते विचारा. आम्हाला नाशिकचे पहिले धडे त्यांनीच दिले.

आणि हेही लक्षात ठेवू या, की आपल्यासारखी माणसं येत राहिली की शहर वाढतं, शेतांवर इमारती उभ्या राहतात, द्राक्षबागा मागे सरतात. ज्या हिरव्यासाठी आलो, ते आपल्याच येण्याने कमी होतं. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा कितीतरी नाशिककर त्या झाडांसाठी उभे राहिले. त्यांत पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेले होते आणि कालपरवा आलेलेही होते. आम्हीही गेलो होतो. ‘तुम्ही तर बाहेरच्या’ असं तिथे आम्हाला कुणी म्हटलं नाही. सावली सगळ्यांचीच होती.

तेव्हा मैत्रिणींनो, यायचं असेल तर जरूर या. स्वतःचं काम, स्वतःची स्कूटर आणि एक रिकामी कापडी पिशवी घेऊन या. पिशवी रानभाजीसाठी, आणि येताना वाटेतला प्लास्टिकचा कचरा उचलून आणायला. रविवारी सकाळी सहाला आम्ही पांडवलेणीच्या पायथ्याशी असतो. ओळख नसली तरी चालेल.