थेटराच्या फोटोत माझा आजा

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी उचलतो. मॅट्रिक झालो आणि ठेकेदाराकडं लागलो. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला इथं उभं केलंत, पण आज कविता वाचणार नाही. गेली दोन वर्षं मी मुंबईतल्या जुन्या थेटरांचे फोटो शोधत फिरतोय, त्याबद्दल बोलणार आहे. दोस्त म्हणतात, साल्याला कामधंदा नाही. कामधंदा आहे. खाडा पडतो त्या दिवशी फिरतो.

कारण असं. माझा आजा बॉम्बे सेंट्रलच्या मराठा मंदिरात डोअरकीपर होता. टॉर्च मारून लोकांना खुर्ची दाखवायचा. घरात त्याचे दोन फोटो होते. आम्ही कुर्ल्याला राहायला आलो आणि २६ जुलै २००५ च्या पाण्यात ते गेले. आजा वारला तेव्हा भिंतीवर लावायला काही नव्हतं. आजी म्हणाली, "थेटराचे फोटो लई काढायचे रे, त्यात असंल." तिथून सुरुवात.

फोटो मिळाले की! रीगल, इरॉस, मेट्रो, लिबर्टी, मराठा मंदिर. इमारत ताठ उभी, दिवे पेटलेले, दारात मोटारी, नटनट्यांच्या गळ्यात हार. ५ ऑगस्ट १९६० ला मराठा मंदिरात 'मुघल-ए-आझम' लागला, तेव्हा रिळांचे डबे सजवलेल्या हत्तीवरून आणले. हत्तीची नोंद आहे. डबे उतरवणाऱ्याची नाही. दार उघडणाऱ्याची नाही.

गिरगावचं मॅजेस्टिक घ्या. १४ मार्च १९३१ ला तिथं 'आलम आरा' लागला, देशातला पहिला बोलपट. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्याचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. आज ते थेटर नाही, आणि त्या बोलपटाची एकही प्रत कुणाकडं असल्याचं माहीत नाही. थेटर गेलं, पिक्चर गेला. उरतो तो फोटो. म्हणून विचारतो, चार आण्यात बसणारे कुठं आहेत? शिट्ट्या मारणारा गिरणीवाला, गोदीवाला, गटार उपसून अंघोळ करून आलेला आमचा माणूस कुठं आहे?

एका मोठ्या संग्रहात विचारायला गेलो. वॉचमननं पायापासून वर बघितलं. आतला साहेब म्हणाला, "संस्थेचं पत्र आणा." माझ्याकडं पोती ओढायचा हूक आहे, पत्र कुठून आणू? चोर बाजारात पत्र मागत नाहीत, पैसे मागतात. एका फोटोला माझी आठवड्याची मजुरी सांगितली. बघून परत ठेवला.

पण बघता बघता शिकलो. फोटोच्या पाठीवर साल नसलं तरी फोटो बोलतो. रस्त्यावर विजेची ट्राम धावत असेल, तर तो १९०७ ते १९६४ मधला. बोर्ड लागलाय तो पिक्चर कधी आला ते काढा. फोटो त्याच्या आधीचा असणार नाही. थेटराचं नावही बघा. पिला हाऊसचं आल्फ्रेड आधी रिपन होतं.

ही विद्या कामाला आली ती संग्रहात नाही, पत्र्याच्या पेटीत. आजीच्या जुन्या चाळीतल्या मैत्रिणीनं पेटी उघडली. लग्नं, बारशी, आणि खाली एक भीमजयंतीचा फोटो. लॉरीवर बाबासाहेबांची तसबीर, झेंडे, लेझीमवाली पोरं. मागं मराठा मंदिर आणि 'मुघल-ए-आझम'चा अर्धा बोर्ड. पिक्चर ऑगस्ट १९६० चा, जयंती एप्रिलमध्ये. म्हणजे फोटो १९६१ च्या आधीचा नाही.

त्यांच्या फोटोत थेटर आहे, आम्ही नाही. आमच्या फोटोत आम्ही पुढं आणि थेटर मागं.

थेटराच्या गेटशी खाकी कपड्यातला एक माणूस मिरवणूक बघत उभा आहे. ड्युटीवर असणार. तोंड हललंय. आजीनं डोळ्याला लावून बघितला. म्हणाली, "ह्योच. उभं राहायची ढब त्याचीच." मी छातीठोक सांगू शकत नाही. पण आजीनं साठ वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याला ती ओळखणार नाही, असं म्हणणारा मी कोण?

मित्रहो, थेटरं पडतायत आणि म्हातारी माणसं जातायत. दोन्ही थांबणार नाहीत. म्हणून आज घरी जाऊन पेट्या उघडा. मोर्चाचा, वरातीचा, जयंतीचा फोटो काढा आणि माणसांच्या मागं बघा. कुठलं थेटर, कुठला नाका, कुठला बोर्ड? म्हातारीला विचारून पाठीवर मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. शाई नको, ती पुढं उमटते. कुणी मागितला तर प्रत द्या, मूळ फोटो देऊ नका. पत्र मात्र कुणाकडंही मागू नका.

माझा फोटो मी भिंतीवर लावलाय. पाठीवर आज्याचं नाव आहे, पुढं प्रश्नचिन्ह. आजीला ते प्रश्नचिन्ह दाखवलेलं नाही.

जयभीम.