तारली : ताटातली आणि भट्टीतली



पापलेट किंवा सुरमई असा विषय असता तर कोणी भुवई उंचावली नसती. पण तारलीवर व्याख्यान? बाजारात पापलेट फळीवर मांडतात, तारली पाटीत ओततात. पाहुणे आले म्हणजे ती स्वयंपाकघरातच राहते, पुढे येत नाही. तरीही आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गरीब माणसाला मांसधातू कोणी पुरविला असेल, तर तो तारलीने आणि तिच्या थोरल्या सोयऱ्याने, बांगड्याने.

ही मासळी एवढी विपुल का, हे पाहण्यासारखे आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत मलबार-कर्नाटकाच्या किनाऱ्याशी समुद्रातले खालचे थंड, खतावलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पतींचे पीक माजते, आणि तारली आपल्या कल्ल्यांच्या चाळणीने तेच गाळून खाते. सुरमई दुसऱ्या माशाला खाऊन वाढते. तारली समुद्राच्या कुरणात जवळजवळ गाईसारखी चरते. म्हणून ती स्वस्त, आणि म्हणूनच पावसाळा सरताच चरबीने भरलेली. त्या चरबीत हृदयाला हितकर अशी ओमेगा-३ आम्ले असतात, शिवाय 'ड' जीवनसत्त्व. बारीक काटा चावून खाल्ला तर चुनाही मिळतो. औषधाच्या दुकानातून मत्स्यतेलाच्या गोळ्या आणणाऱ्या गृहस्थाला हे कोणीतरी सांगायला हवे!

पण या तेलानेच तिचा घात केला. मलबारात एके काळी तारली उकळून तेल काढीत आणि चोथा मळ्यांना खत म्हणून जाई. मग १९४० च्या सुमारास ती एकाएकी दिसेनाशी झाली. १९४३ साली मद्रास सरकारला काही जाळ्यांवर बंधने घालावी लागली. त्या वेळी आजच्यासारख्या यांत्रिक नौका नव्हत्या, हे ध्यानात घ्या. म्हणजे समुद्राची लहर हेही एक कारण आहेच. सारा दोष जाळ्यांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

अलीकडचे उदाहरण घ्या. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे केरळात २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली उतरली. २०२१ साली किती? साडेतीन हजार टनांच्याही आत! पुढे ती परतली. २०२३ मध्ये लाखाच्या वर गेली. तारली वर्षभरात वयात येते आणि अडीच वर्षांपलीकडे सहसा जगत नाही. अशा अल्पायुषी माशाची एकदोन वर्षांची वीण बुडाली, की बाजार ओस पडतो. आणि दोन वर्षे साधली, की पाट्या ओसंडतात.

मग माणसाने करायचे काय? समुद्राची लहर आपल्या हाती नाही, पिल्ले न धरणे आहे. केरळाने १० सेंटिमीटरहून लहान तारली धरण्यास मनाई केली आहे. आपल्या मालवणकडे रापण ओढतात. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. ती मासळी येण्याची वाट पाहते. पर्ससीनचे जाळे मात्र मासळीच्या मागे जाते, आणि बटव्याची नाडी ओढावी तसे तळाशी आवळून अख्खा थवा उचलते. या दोघांचा तंटा एवढा वाढला की २०१६ साली महाराष्ट्र सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. नियम झाला; तो पाळला जातो का, हे रापणवाल्यांना विचारा.

मला याहून गंभीर वाटते ती भट्टी. ताजी मासळी वाळवून, दळून तिची भुकटी करतात आणि ती कोळंबीच्या तळ्यांना व कोंबड्यांना घालतात. एक किलो भुकटीला चार-पाच किलो मासळी लागते. खराब झालेला माल तिकडे गेला तर माझी तक्रार नाही. परंतु माणसाने खाण्याजोगी तारली, आणि त्यातही बोटाएवढी पोरे, भट्टीत जावीत, म्हणजे गरिबाचे कालवण काढून श्रीमंताची कोळंबी पोसण्यासारखे आहे. भट्टीवाला भाव देतो कारण शहरातले गिऱ्हाईक तारलीकडे पाहत नाही. आपण ती मागू लागलो, तर धंद्याचे गणित थोडे तरी बदलेल.

घेताना एवढे पाहा: डोळे चकचकीत, पोट घट्ट, अंगावर खवले शाबूत. तिचे तेल लवकर खवटते, म्हणून सकाळीच घ्यावी आणि त्याच दिवशी चुलीवर चढवावी. मसाला फार नको. मिरची, हळद, आमसूल आणि चार ठेचलेली तिरफळे पुरेत. तिरफळाने उग्र वास मोडतो. तिखले अंगाबरोबर आटू द्यावे, आणि बरोबर भाकरी नव्हे, उकड्या तांदळाचा भात घ्यावा.