बेदरची वाट
(ग्रंथालयाच्या शताब्दी समारंभातील भाषण)



बीदर हे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रथम कीर्तनात ऐकले असेल, आणि तेही ‘बेदर’ असे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला खुली केली आणि त्या धान्याचे मोल घेऊन साक्षात विठ्ठल विठू महाराच्या वेषात बेदरच्या दरबारी गेला, ही ती कथा. बुवा दरबार रंगवून सांगत. पण विठू कोणत्या वेशीतून शिरला, कोणत्या गल्लीने चालत गेला, हे मात्र कधी सांगत नसत. मला लहानपणी उत्सुकता होती ती नेमकी त्याचीच.

आमचे गाव उदगीरकडचे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. माझ्या आजोबांचे बीदर म्हणजे कचेरी, उर्दू कागद आणि पुढची तारीख. राज्यपुनर्रचनेनंतर तेही कारण उरले नाही. पलीकडच्यांच्या मनातून हे शहर परप्रांतात गेले. आणि अलीकडे राहिलेल्या आपण मराठी वाचकांनी तरी ते बसस्थानक, इस्पितळ आणि बाजार यांपलीकडे कितीसे पाहिले?

हे शहर मोटारीतून दिसत नाही. शाहगंज दरवाज्यापाशी उतरावे आणि चालू लागावे. गावाच्या मधोमध चौबारा लागतो. सुमारे 71 फूट उंचीचा हा गोल बुरूज चार वाटांच्या नाक्यावर उभा आहे. सिद्दीक शाह, नूरखान, पनसाल आणि मनियार या जुन्या गावातल्या चार तालमी. महालांची वर्णने पुष्कळ झाली. पण मोहल्ल्यांना आखाड्यांच्या नावांनी ओळखणारे हे गाव मला अधिक आपलेसे वाटते. जवळच बिदरीचे कारागीर जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकत बसलेले असतात. किल्ल्यातल्या मातीच्या द्रावणाने धातू काळाभोर होतो, चांदी मात्र शुभ्रच राहते.

तेथून किल्ल्याच्या दिशेने निघालो की महमूद गवानचा मदरसा समोर येतो. येथे मात्र आपण जरा थांबू, कारण आपण ग्रंथालयाच्या मांडवात बसलो आहोत. इराणातील गिलान प्रांतातून आलेल्या या बहमनी वजिराने 1472 मध्ये ही तीन मजली वास्तू उभी केली. मध्ये चौक, भोवती विद्यार्थ्यांच्या खोल्या, अध्यापकांची निवासस्थाने, मशीद आणि ग्रंथालय. तेथे तीन हजार हस्तलिखिते होती असे परंपरा सांगते. पुढे नऊच वर्षे झाली आणि 1481 मध्ये गवानचा शिरच्छेद झाला. त्याच्या वैऱ्यांनी कोऱ्या कागदावर त्याची मोहोर मिळवली आणि वर देशद्रोहाचा मजकूर लिहिला, असे बखरकार सांगतात. सतराव्या शतकात बीदर मोगलांकडे गेले, मदरशात लष्कर आले आणि दारूगोळा साठवला गेला. 1696 मध्ये त्याचा स्फोट झाला. वीज पडली असेही म्हणतात. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मिनार कोसळला. उरलेल्या मिनारावर निळ्या-पिवळ्या फरश्यांची नक्षी अजून तग धरून आहे. त्या फरश्यांची सारेच स्तुती करतात. माझी नजर मात्र पडलेल्या बाजूकडेच जाते. ग्रंथांच्या शेजारी दारूची पिंपे ठेवावीत असे कोणाला तरी वाटले, आणि त्या दिवशी त्यात कोणालाही वावगे दिसले नसावे!

मोरोक्कोतील फेझ शहराची छायाचित्रे पाहताना मला हा मदरसा आठवतो. तेथेही अरुंद गल्ल्या, आणि चौदाव्या शतकात उभारलेल्या बू इनानिया मदरशाच्या भिंतींवर रंगीत फरश्यांचे तुकडे जोडून केलेली नक्षी. पण तेथल्या करवियीन मशिदीचे ग्रंथालय टिकले. इब्न खल्दूनने स्वतः भेट दिलेली आपल्या इतिहासग्रंथाची प्रत तेथे आहे.

या दोन दूरदेशांत आणखी एक साम्य आहे. माराकेशला जमिनीखालून पाणी आणणारे ‘खेत्तारा’ आहेत. आपल्या नौबादला तसाच, खडकात खोदलेला करेझ आहे. दोन्हींचे मूळ इराणी. गाळाने बुजलेला नौबादचा करेझ 2015 च्या सुमारास उपसण्यास सुरुवात झाली आणि त्यात पुन्हा पाणी दिसले.

वेळ संपत आला आहे, म्हणून अष्टूरबद्दल थोडक्यात सांगतो. तेथे अहमदशहा वलीच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळचे जंगम येतात. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. कबरीवर जमणाऱ्या गर्दीत कोण कोणत्या भाषेत नवस बोलतो, याची चौकशी कोणी करीत नाही.

गुलाम याजदानी यांचा बीदरवरील इंग्रजी ग्रंथ 1947 मध्ये निघाला. कार्यकारिणीने तो मिळवून आपल्या संग्रही ठेवावा, अशी माझी विनंती आहे. आणि ज्या सभासदांना सवड असेल त्यांनी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता शाहगंज दरवाज्यापाशी यावे. मी तेथे असेन. पायात चांगल्या वहाणा असाव्यात. आपल्याला चालावे लागणार आहे.