फळीची धार आणि डोंगरावरचे हिम

हिमाच्छादित उतारावरून सकाळी पहिला माणूस घसरत खाली गेला की त्याच्यामागे उमटलेल्या खुणेवरून त्याचे कसब ओळखता येते. ज्याची फळी आडवी होऊन फरफटत वळली असेल, त्याच्यामागे केरसुणीने झाडल्यासारखा रुंद फराटा दिसतो. ज्याने वळण कोरून घेतले असेल, त्याच्यामागे मात्र बोटभर रुंदीची एकच रेघ असते. फळीचे शेपूट तिच्या टोकाच्याच वाटेने गेले, रेसभरही बाजूला सरकले नाही, याची ती रेघ म्हणजे साक्ष होय. ही रेघ कशी उमटते आणि ज्या हिमावर ती उमटते ते कशाचे बनलेले असते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठीचा वावर असलेल्या मुलखात आकाशातून गारा पडतात. हिम पडत नाही. त्यामुळे सरबताच्या पेल्यातील खडा आणि गुलमर्गच्या उतारावरील भुसभुशीत थर ह्या दोहोंना व्यवहारात 'बर्फ' हा एकच शब्द पुरतो. काश्मिरी माणसाचे एका शब्दाने भागत नाही. आकाशातून पडते ते त्याचे 'शीन', आणि छपराच्या वळचणीला लोंबते ती 'शिशरगांठ'. ह्या व्याख्यानात पडून साठलेल्या पदार्थाला हिम आणि घट्ट, काचेसारख्या पदार्थाला बर्फ म्हटले आहे. हा भेद निव्वळ कोशकारांचा नव्हे. फळीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाडांशी त्याचा प्रत्यक्ष संबंध येतो.

आता फळीकडे वळू. १९६५ सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मस्केगन येथे, शेर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींना खेळण्यासाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी तयार केली. स्नोबोर्डची वंशावळ सामान्यतः तेथून सांगितली जाते. पुढे ह्या वंशाच्या दोन शाखा झाल्या. उड्या, गिरक्या आणि मऊ बूट ही एका शाखेची लक्षणे. जगाला तीच अधिक परिचित आहे. दुसरी शाखा आल्पाइन फळीची. ही फळी लांब, अरुंद आणि ताठ असते, आणि तिच्यावर स्कीच्या बुटांसारखे कठीण कवचाचे बूट जखडलेले असतात. दोन्ही पावले बरीचशी पुढच्या दिशेला वळवून बसविलेली असतात. त्याचे कारण साधे आहे. फळी इतकी अरुंद असते की पावले आडवी ठेवली तर बोटे आणि टाचा कडेबाहेर येतील, आणि फळी फार कलंडली की त्या हिमात रुतून माणूस उलटेल. १९९८ साली जपानमधील नागानो येथे स्नोबोर्डला ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश मिळाला. तेथील जायंट स्लॅलम शर्यत ह्याच शाखेची होती. २००२ पासून तिची जागा दोन स्पर्धकांनी शेजारी-शेजारी उतरण्याच्या शर्यतीने घेतली.

वरून पाहिल्यास ही फळी लांबवर ताणलेल्या डमरूसारखी दिसते. दोन्ही टोकांना रुंद आणि कमरेत बारीक. तिची प्रत्येक बाजू म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा लहानसा तुकडा असतो. फळी एका बाजूवर कलती करून तिच्यावर भार टाकला की मधला बारीक भाग वाकून हिमाला टेकतो आणि पोलादी धार कमानीसारखी हिमात बसते. त्यानंतर फळी वळविण्याचे काम माणसाकडे उरत नाही. धार ज्या कमानीत वाकली असेल त्याच कमानीतून ती पुढे जाते. फळी जितकी अधिक कलेल, तितकी कमान आवळत जाते.

हा हिशेब कोणालाही करून पाहता येईल. समजा, फळीच्या बाजूचे वर्तुळ १४ मीटर त्रिज्येचे आहे आणि फळी ४५ अंशांनी कलली आहे. तिचे वळण साधारण १० मीटर त्रिज्येचे पडेल. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने हे वळण घेतले, तर बाहेर फेकणारा जोर जवळजवळ माणसाच्या वजनाएवढा होतो, आणि त्याला तोलण्यासाठी माणसालाही ४५ अंशच झुकावे लागते. फळीचा कल आणि शरीराचा झोक असे नेमके जुळले की वळण आपोआप घडल्यासारखे वाटते. उताराची ओढ हा हिशेब क्षणोक्षणी बिघडवीत असते हे खरे. ती ओळखून झोक बदलीत राहणे हेच तर कसब. पण दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अशा वळणात ७० किलो वजनाच्या माणसाचा भार सुमारे १०० किलोंसारखा होतो, आणि तो सगळा दीड मीटरभर लांबीच्या धारेने हिमात खोदलेल्या चिंचोळ्या पायरीवर येतो. ही पायरी टिकली तर वळण कोरले गेले. ती ढासळली तर झोक घेतलेला माणूस कुशीवर आदळतो, मग त्याचे कौशल्य काहीही असो.

म्हणून खरा प्रश्न असा की पायरी कोणत्या हिमात टिकते?

नुकते पडलेले कोरडे हिम एका घनमीटरला ५० ते १०० किलो भरते. निखळ बर्फ ९१७ किलो भरतो. पहिल्यात धारेला धरायला काही सापडत नाही. दुसऱ्यात ती शिरतच नाही. कोरीव वळणाचे हिम ह्या दोहोंच्या मधले असते, आणि ते निसर्गापेक्षा मनुष्याच्या हातूनच अधिक घडते. रात्री रुंद पट्ट्यांची यंत्रे उतारावर फिरतात. ती हिमाचे नाजूक स्फटिक मोडतात, बारीक रवा करतात, दाबतात आणि वरून कंगव्याने विंचरल्यासारख्या रेषा ओढतात. एवढ्याने काम संपत नाही. उरलेले काम थंडी करते. १८५० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील एका व्याख्यानात मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले होते की बर्फाचे दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकवले तरी ते गोठून एक होतात. रव्याच्या कणाकणांत रात्रभर हेच घडते. जेथे दोन कण टेकतात तेथे बारीकशी मान तयार होते, ती जाड होत जाते, आणि पहाटेपर्यंत सुटा रवा वडी थापल्यासारखा धरतो. अशा सकाळी फळीची धार लोण्यात सुरी जावी तशी शिरते आणि भिंतीला पाय लावावा तशी टिकते.

हा सुखाचा काळ थोडाच असतो. हिवाळ्याच्या ऐन मध्यात तो दिवसभर पुरतो. वसंतात दोन-तीन तासांत आटोपतो. वसंतातील रात्री वरचा थर गोठून कडक होतो, सकाळी उन्हाने तो बोटभर सैल होऊन मक्याच्या दाण्यांसारखा रवाळ होतो, आणि दुपारी त्याचा चिखल होतो. फार थंडीही सोयीची नसते. बोडन आणि ह्यूज यांनी १९३९ साली स्वित्झर्लंडमधील युंगफ्राऊयोख येथे केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की घर्षणाच्या उष्णतेने निर्माण होणारा पाण्याचा पातळ पापुद्रा हेच घसरण्याचे मुख्य कारण आहे. उणे वीस अंशांच्या खाली तो नीट तयार होत नाही आणि हिम वाळूसारखे खरखरते. शर्यतीच्या उतारात तर हेतुपुरस्सर पाणी मुरवून त्याला जवळजवळ बर्फाचे रूप देतात, नाहीतर दहाव्या स्पर्धकाला पहिल्याने खणलेल्या चरातून उतरावे लागेल. अशा उतारावर हौशी माणसाने जाऊ नये हे बरे.

येथपर्यंतची कथा राखलेल्या उताराची झाली. दोरीच्या कुंपणापलीकडचा डोंगर निराळा आहे, आणि धोक्याचा आरंभ तेथे होतो. खोल भुकटीत आल्पाइन फळीचे टोक बुडते, आणि तिचा मालक लवकरच परत फिरतो. त्याची फसगत होते ती भुकटीत नव्हे, वाऱ्याने थापलेल्या हिमात. वारा कड्याच्या एका बाजूचे हिम उचलतो, वाटेत त्याच्या स्फटिकांच्या पाकळ्या मोडतो आणि आडोशाच्या बाजूला ते दाबून बसवितो. हा थर गुळगुळीत, एकजीव, खडूसारखा फिका असतो. धार त्यात छान बसते. यंत्राने विंचरलेल्या उताराची सवय झालेल्या पायांना तो ओळखीचा वाटतो. हिमलोट मात्र बहुधा नेमक्या अशाच थराचा सुटतो. एकजीव असल्यामुळे तो तुटतो तो चिमूटभर तुटत नाही. पत्र्यासारखा सबंध तुटतो. धारेला मिळणारी पकड वरच्या दोन-चार बोटांची हकीकत सांगते. खालच्या हातभर जाडीत काय आहे, हे तिला कळत नाही.

खाली काय असते ते पाहण्यासारखे आहे. हिमाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास राहते. हिमाचा थर ४० सेंटिमीटर जाड आणि त्याचा पृष्ठभाग उणे १२ अंश असेल, तर दर दहा सेंटिमीटरला तीन अंशांचा फरक पडतो. हा फरक एक अंशाच्या पुढे गेला की तळची वाफ वर सरकू लागते, कणांमधील माना झिजतात, आणि कण मोठे, पैलूदार, सुटे होतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून ओघळतात. थर दोन मीटर जाड असता तर तोच फरक दहा सेंटिमीटरला जेमतेम अर्ध्या अंशाच्या थोडा पुढे असता आणि कण एकमेकांना धरून राहिले असते. म्हणजे सामान्य समजुतीच्या उलट, थोडे हिम पडलेला थंड हिवाळा तळाशी अधिक कच्चा असतो. त्या साखरेवर पुढे एकदम जड हिम पडले आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असला, तर पाडाव्याची सगळी सिद्धता झाली. एका माणसाच्या वजनाचेही निमित्त मग पुरते.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ पीरपंजाल पर्वतरांगेवर ह्या काळात आपले ओझे उतरवितात, आणि ह्या कडाक्यात पडलेले हिम पुढे उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांना पुरते. २०२४ साली गुलमर्गमध्ये जानेवारीचा बहुतेक भाग कोरडा गेला. महिन्याच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत हिम पडले. २२ फेब्रुवारी रोजी, गुलमर्गमध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू असतानाच, वरच्या उतारावर हिमलोटात एक रशियन स्कीपटू मरण पावला. त्या लोटाचे कारण एवढेच होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु कोरडा जानेवारी आणि भरलेला फेब्रुवारी हा क्रम हिमशास्त्राच्या विद्यार्थ्याला सावध करणारा आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, अफरवतच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू असेच दगावले. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग येथे तर सैन्याच्या उच्चपर्वतीय युद्धशाळेचे १७ जवान प्रशिक्षण चालू असताना गाडले गेले. ते काही मौजेखातर डोंगरात गेलेले नव्हते.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून आकाशपाळणा दोन टप्प्यांत माणसाला अफरवतच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर, नेऊन सोडतो. पूर्वी तेवढी चढण ज्याने पायांनी केली, त्याला वाटेत हिमाचे दहा प्रकार तुडवावे लागत. कोठे पाय रुततो, कोठे खालून पोकळ आवाज येतो, कोठे चीर धावते, हे त्याला कळत जाई. पाळण्याने ही शिकवणी वाचवली आहे. ही सोय वाईट असे कोणी म्हणणार नाही, पण तिची किंमत लक्षात ठेवावी लागते.

नागानोत स्त्रियांच्या जायंट स्लॅलममध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या फ्रान्सच्या कारिन रुबी हिची आठवण येथे टाळता येत नाही. धारेवर तिची हुकमत किती होती ह्याविषयी वाद नाही. २००२ साली तिने रौप्यपदकही मिळविले. शर्यती सोडल्यावर ती पर्वतातील वाटाड्याचे शिक्षण घेऊ लागली, म्हणजे फळीखालचे हिम वाचण्यास शिकू लागली. २००९ सालच्या मे महिन्यात माँ ब्लां पर्वतसमूहात हिमनदीच्या भेगेत पडून ती मरण पावली. तिचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. डोंगराच्या पृष्ठभागाखाली काय आहे हे जाणून घेण्याची जिला निकड वाटली होती, तिच्यावरच हा प्रसंग यावा ह्याची चुटपुट लागते.

हे वाचन शिकण्याची साधने आज पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. युरोपात १९९३ पासून हिमलोटाचा धोका पाच पायऱ्यांनी सांगतात. मृत्यूंचा मोठा वाटा तिसऱ्या पायरीच्या दिवशी पडतो. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरी बसतात, तिसरीला मात्र 'मध्यम आहे, चालेल' असे म्हणतात. भारतात १९६९ साली मनाली येथे हिम आणि हिमलोट यांच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली. २०२० पासून ती चंदीगढच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत समाविष्ट आहे. संदेशक यंत्र, लांब सळई आणि फावडे ही तीन साधने कुंपणापलीकडे जाणाऱ्या प्रत्येकापाशी हवीत, कारण गाडल्या गेलेल्या माणसाला वाचविण्याची खरी आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांपुरतीच असते आणि तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही.

परंतु सर्वांत स्वस्त साधन हात हेच आहे. जाणते लोक सुरक्षित जागी, त्याच तोंडाच्या आणि तेवढ्याच चढाच्या उतारावर, फावड्याने जमिनीपर्यंत खड्डा खणतात आणि त्याची उभी भिंत तासून साफ करतात. मग वरून खाली प्रत्येक थर हाताने दाबून पाहतात. सगळ्यांत मऊ थरात मूठ शिरते; त्याहून कठीण थरात चार बोटे, मग एक बोट, मग पेन्सिल, आणि शेवटी फक्त सुरी. भिंतीत वर पेन्सिलीचा थर लागला आणि त्याच्याखाली मूठ आत गेली, साखर ओघळली, की खड्डा बुजविला जातो, फळ्या खांद्यावर घेतल्या जातात, आणि सगळे जण आल्या वाटेने यंत्राने विंचरलेल्या उताराकडे परततात. तोपर्यंत सकाळचे अकरा वाजलेले असतात. तेथले हिम अजून तासभर तरी धार धरील.